दोन गाई विकून आफ्रिका बघावी का?

"सर, मी पशुवैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे, गाव माण तालुक्यात. आमच्यातले पंधरा जण बारा दिवसांसाठी दक्षिण आफ्रिकेला निघालेत. प्रिटोरिया विद्यापीठाचं ओंडरस्टेपोर्ट इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि क्रुगरच्या जंगलाला लागून असलेलं त्यांचं वन्यजीव संशोधन केंद्र दाखवणार आहेत. माणशी साडेतीन लाख. बाबा म्हणतात, दोन गाई विकतो पण तू जा. मी जाऊ का? आणि गेलेच तर तिथं नेमकं काय बघू?"

बाळ, गाईंचं आधी मिटवू. विकू देऊ नकोस. ज्या तालुक्यात दर चार-पाच वर्षांनी चारा छावणीचं नाव निघतं, तिथं दावणीला उभी असलेली दुभती गाय म्हणजे घरचा पगार. तो मोडून बारा दिवस आणायचे नाहीत. शैक्षणिक कर्ज, मामाकडून उसने, दोन हप्ते, काय जमतंय ते बघ. काहीच जमलं नाही तर यंदा राहू दे. ओंडरस्टेपोर्टची संस्था १९०८ पासून तिथं आहे, आणखी दोन वर्षांत कुठं पळून जात नाही.

पैशाचं जमलं तरी लगेच हो म्हणू नकोस. आधी दिवसवार वेळापत्रक लेखी माग. पहिल्यांदा मी गेलो तो असाच कुणीतरी जुळवून दिलेला दौरा होता. चार दिवस उघड्या जीपमधून सफारी, एक दिवस शहामृगाच्या कातड्याच्या पाकिटांचं दुकान आणि विद्यापीठात एकूण चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा पाटीसमोर फोटो काढण्यात गेली. घरी आलो तेव्हा कॅमेऱ्यात हत्तींच्या पाठमोऱ्या फोटोंची रास होती आणि वहीत दीड पान. बायकोने विचारलं, "शिकून काय आलात?" मी म्हटलं, "हत्ती मोठा असतो." तेव्हा माझी प्रॅक्टिस पंधरा वर्षांची झालेली होती, म्हणजे वयाची सबबही नव्हती. पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो ते वेळापत्रक स्वतः लिहून घेऊन.

तुझ्या कागदावर मी तीन गोष्टी शोधेन. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये निदान अर्धा दिवस. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात किंवा गोचीडनाशक हौदावर एक पूर्ण सकाळ. आणि प्रयोगशाळेत नमुना आत येतो तिथपासून अहवाल बाहेर पडतो तिथपर्यंत कुणीतरी चालत नेऊन दाखवणं. या तीन असतील तर सफारी दोन दिवस असली तरी माझी हरकत नाही, जंगल बघून डोळे निवतात. या तिन्ही नसतील तर ती सहल आहे, तिला अभ्यास म्हणू नये.

आता ओंडरस्टेपोर्टचं. नाव अवघड वाटतं, पण त्या जागेशी तुझी ओळख जुनी आहे. बाबांच्या गोठ्यात कधी संकरित गाईला सणकून ताप आला असेल, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली असेल, डोळ्यांची आतली कड पांढरी पडली असेल आणि डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर ओढून "थायलेरिया दिसतोय" म्हणत ब्युपार्वाक्वोनचं महागडं इंजेक्शन दिलं असेल. गोचिडातून होणाऱ्या या तापाच्या जंतूचं थायलेरिया हे नाव अर्नोल्ड थायलर या माणसावरून पडलं. स्वित्झर्लंडमध्ये शिकलेला हा पशुवैद्य १८९१ साली दक्षिण आफ्रिकेत गेला. सुरुवातीला प्रॅक्टिस चालेना म्हणून शेतावर नोकरी धरली आणि चारा कापायच्या यंत्रात डावा हात गमावला. आपल्याकडे कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं गावोगाव आहेत, त्यामुळे हे वाचल्यावर मला तो एकदम ओळखीचा वाटायला लागला. १८९६ साली तिकडे बुळकांडी ही गुरांची साथ पोचली आणि गाई-बैलांबरोबर रानरेडेही पटापट मेले. त्या साथीत थायलरने रक्तजलावर काम केलं. ओंडरस्टेपोर्टची संस्था १९०८ साली त्याच्याच हाताखाली उभी राहिली, १९२० मध्ये तिथं पशुवैद्यकाचं शिक्षण सुरू झालं. एका हाताचा माणूस, आणि आजही जगभर गोचीडतापाची काचपट्टी बघताना त्याचं नाव घेतलं जातं.

हे सांगण्यामागे कारण आहे. तिथं जाताना घरचा एक प्रश्न बरोबर ने. एकच. "वन्यजीवांविषयी जाणून घ्यायचं आहे" हा प्रश्न नव्हे. त्याला उत्तर म्हणून तुला माहितीपत्रक मिळेल. "आमच्याकडे देशी खिलार त्याच गोठ्यात, तेच गोचीड अंगावर घेऊन ठणठणीत असतो आणि शेजारची होल्स्टीन आठ दिवसांत जाते. तुमच्याकडे रानरेड्यातून गाईला होणारा थायलेरिया कसा वागतो?" असं विचारलंस तर समोरचा प्राध्यापक खुर्ची ओढून बसतो. मी हे पाहिलंय. आटपाडीचा एक मुलगा होता, इंग्रजी जेमतेम. त्याने खिलाराचा असाच प्रश्न मोडक्यातोडक्या वाक्यात विचारला आणि दहा मिनिटांच्या भेटीचा तास झाला. तिकडे थायलेरिया पार्वा नावाची जात आहे. ती रानरेड्यात गुपचूप असते, रेड्याला काही होत नाही. तीच तपकिरी गोचिडाबरोबर गाईत गेली की गाय मरते. आपल्याकडची थायलेरियाची जात ॲन्युलाटा, ती वेगळी, गोचीडही वेगळं. पण एकाचं सुखाने वास्तव्य आणि दुसऱ्याचं मरण, हा खेळ तोच.

बारा दिवसांतला खरा माल क्रुगरच्या कुंपणावर आहे. प्रिटोरिया विद्यापीठाचं हान्स होहायसेन संशोधन केंद्र क्रुगरच्या ऑर्पेन दरवाजाजवळ आहे, आणि तिथून जवळच म्निसी नावाचा त्सोंगा भाषिक गावांचा पट्टा. एका बाजूला सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं जंगल, दुसऱ्या बाजूला लोकांच्या गाई, मध्ये तारेचं कुंपण. क्रुगरच्या रानरेड्यांच्या घशात लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे प्रकार असतात, तिकडचे सॅट-१, २ आणि ३. रेडा आजारी दिसत नाही, पण कुंपण ओलांडून गाईंत मिसळला की साथ सुरू. म्हणून त्या पट्ट्यातल्या गाई दर सात दिवसांनी हौदावर आणायच्या, गोचिडासाठी डुबकी द्यायची आणि त्याच वेळी पशुस्वास्थ्य तंत्रज्ञाने तपासायचं, असा शिरस्ता आहे.

त्या हौदावर पहाटे जाऊन उभी राहा. मी राहिलो होतो तेव्हा मला आपल्या शिराळ्याकडचा लसीकरणाचा दिवस आठवला. तीच धूळ, तीच ओरडाआरड, तसाच एक म्हातारा काठी टेकून प्रत्येक गाईचं नाव घेणारा. फरक एवढाच की त्यांच्या तंत्रज्ञाच्या हातात वही होती आणि मालकागणिक गाईंचा आकडा मागच्या आठवड्याशी ताडून बघितला जात होता. एक खोंड कमी भरला तर "कुठं गेला?" हा प्रश्न तिथल्या तिथं. विकला, मेला की चोरीला गेला, लिहिल्याशिवाय पुढचा माणूस नाही. मला त्या वहीचा मोह पडला. गेंड्याचा फोटो काढला नाही, वहीच्या पानाचा काढला, तोही विचारून. २०२२ मध्ये आपल्याकडे लम्पी आली, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा गावात नेमकी जनावरं किती आणि गेल्या पंधरवड्यात बाहेरून किती आली, हे सांगायला माझ्याकडे दूध डेअरीच्या खात्यापलीकडे काही नव्हतं. अशी एखादी वही असती तर माझे आठ दिवस वाचले असते.

आणखी एक गोष्ट तिथं नीट समजून घे, कारण इथं ती उलटी सांगितली जाते. आपल्या गावात विचारलं तर रोग जंगलातून येतो. क्रुगरच्या रानरेड्यांत क्षयरोग पहिल्यांदा सापडला तो १९९० मध्ये, आणि तो आत गेला तो दक्षिणेकडच्या शेतांवरल्या गाईंकडून. रेड्यांतून पुढे त्यांना खाणाऱ्या सिंहांत. कुंपण होतं तरी हे झालं. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला, म्हणजे चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली झालेल्या ११६५ चौरस किलोमीटरला, कुंपणच नाही. पाटण आणि शिराळ्याच्या वाड्यांची जनावरं जिथं चरतात तिथंच रात्री गवे उतरतात. गव्यांची काळजी असेल तर आधी वाडीतल्या गाईंना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर पडली पाहिजे. हे मी तीस वर्षं बोलतोय. लोक मान डोलावतात आणि लसीच्या दिवशी बैल शेतावर नेतात.

डार्टिंगचं, म्हणजे बंदुकीने लांबून भुलीचं औषध मारण्याचं, सगळ्यांना वेड असतं, तुलाही असणार. हेलिकॉप्टर, बंदूक, खाली कोसळलेला गेंडा. बघायला मिळालं तर बघ, पण त्यासाठी जाऊ नकोस. पकडायची कामं बहुधा थंडीच्या महिन्यांत, सकाळी लवकर होतात, कारण उन्हात भुलीखालचं जनावर तापून मरतं. तिकडची थंडी म्हणजे आपले जून ते ऑगस्ट. तुमची सहल दिवाळीच्या सुट्टीत असेल तर आशाच सोड. विद्यार्थ्याला औषधाला हात लावू देत नाहीत, आणि बरोबर आहे. एटॉर्फिन हे अफूच्या कुळातलं औषध इतकं जहाल आहे की त्याचा थेंब माणसाच्या अंगात गेला तर जीव जाऊ शकतो. उतारा भरून तयार ठेवल्याशिवाय कुणी कुपी फोडत नाही. बंदुकीकडे बघण्यापेक्षा गेंड्याच्या डोक्याशी बसलेल्या माणसाकडे बघ. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, एकजण फक्त श्वास मोजणार आणि मोठ्याने आकडा सांगणार, दुसरा घड्याळ लावून लिहिणार. पांढऱ्या गेंड्याचा श्वास या औषधाने फार मंदावतो, म्हणून ते आकडे. आपल्याकडे कराडच्या ऊसपट्ट्यात विहिरीत पडलेल्या बिबट्याला झायलाझिन-केटामिनची भूल देताना काठावर दोनशे माणसं शिट्ट्या मारत असतात. त्या गदारोळात श्वास मोजणारा एक माणूस आधी नेमायचा असतो, हे मी तिथं शिकलो आणि इथं वापरलं. पहिल्या वेळी नेमला तो वनमजूर मोजता मोजता मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला. असो.

प्रयोगशाळेत गेलीस तर गेंड्याच्या डीएनएची नोंदवही जरूर विचार. र्‍होडिस तिचं नाव, ओंडरस्टेपोर्टच्या पशु-आनुवंशिकी प्रयोगशाळेत ती चालते. शिंग कापून नेलेला गेंडा सापडला की त्याचा नमुना, आणि कुठं शिंग पकडलं की त्याचा नमुना, दोन्ही तिथं जातात. जुळले तर तो पुरावा कोर्टात उभा राहतो. तंत्र भारी आहेच, पण तू लक्ष ठेव ते सीलवर, सहीवर आणि नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला त्या कागदावर. आपल्याकडे खवल्या मांजराचे खवले किंवा बिबट्याचं कातडं पकडलं की पंचनामा होतो, नमुना जातो, आणि वर्षांनी खटला उभा राहिला की बरणीवरचं लेबल पुसट झालेलं असतं. साक्षीला मीच गेलेलो आहे. वकिलाने विचारलं, "डॉक्टर, ही बरणी तीच कशावरून?" मला घाम फुटला होता.

शवविच्छेदनाच्या हॉलबद्दल थोडंच सांगतो, बाकी तू बघशील. घाण बाजू आणि स्वच्छ बाजू जमिनीवर रेष मारून वेगळी केलेली असते. रेष ओलांडायची तर बूट धुऊन. जंगलात मेलेलं जनावर दिसलं तर क्रुगरमध्ये आधी काचपट्टीवर रक्ताचा स्मिअर काढून बघतात, कारण तिथल्या उत्तर भागात फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, कायम मुक्कामाला असते. शव उघडलं की जंतू हवेत बीजाणू धरतो आणि ती माती अनेक वर्षं धोक्याची होते. हा नियम तुलाही वर्गात शिकवलाय. फरक पाळण्यात आहे. आपल्याकडे पोट फुगून मेलेली गाय दिसली की मालकाला आधी पोटात काय होतं ते बघायचं असतं.

जाण्याआधी दोन ठिकाणी जाऊन ये, आणि त्याला साडेतीन लाख लागत नाहीत. एक सागरेश्वर. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं, कुंपण घातलेलं. आत सांबर, चितळ, काळवीट. बाहेर द्राक्षबागा आणि ऊस. कुंपणाच्या आतली हरणं वाढली की काय होतं आणि कुंपण एका जागी फाटलं की शेतकरी काय म्हणतो, हे तिथल्या वस्तीवर अर्धा दिवस बसलीस तर कळेल. ते ऐकून क्रुगरच्या कुंपणासमोर उभी राहिलीस तर तुझ्याकडे विचारायला काहीतरी असेल. दुसरं, नागपूरचं गोरेवाडा, तुमच्याच माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्यावरूनच जाते, पिशवीत भाकरी बांधून बस. परदेश यंदा नाहीच जमला तर इंटर्नशिपमध्ये हीच दोन ठिकाणं आणि जुन्नरचं माणिकडोह बिबट निवारा केंद्र कर. माझ्या ओळखीतला या पट्ट्यातला सगळ्यात चांगला वन्यजीव डॉक्टर कधी विमानात बसलेला नाही.

आता जायचंच ठरलं तर अंगाची तयारी. रेबीजची आगाऊ लस तू अजून घेतली नसशील तर सहल राहू दे बाजूला, उद्या घे. तीन डोस असतात, शेवटचा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. पशुवैद्यकाची विद्यार्थिनी रेबीजच्या लसीशिवाय कुत्र्याच्या तोंडात हात घालते, हे मला कधी पटलेलं नाही. क्रुगरच्या सखल भागात हिवताप असतो, पावसाळी महिन्यांत जास्त, म्हणून डॉक्टरला विचारून गोळ्या घे. पीतज्वराचं जरा लक्षपूर्वक वाच. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण तिकीट स्वस्त पडतं म्हणून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे काढलं आणि तिथं बारा तासांपेक्षा जास्त थांबलीस तर दक्षिण आफ्रिका लसीचं पिवळं कार्ड मागते, आणि परतताना आपल्या विमानतळावरही विचारणा होऊ शकते. लस निदान दहा दिवस आधी, तीही मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. एजंट हे सांगत नाही, त्याला तिकीट विकायचं असतं.

बूट नवे ने. निदान जुने असतील तर दातकोरणीने तळव्याच्या खाचा उकरून, जंतुनाशकात बुडवून, कोरडे करून. घरी गोठा आहे, निघायच्या दिवशी सकाळी धार काढून त्याच पायांनी बसमध्ये चढू नकोस. येतानाही तेच उलट: तिथल्या हौदावरचे कपडे तिथंच धुवायचे, आणि घरी आल्यावर चार-पाच दिवस गोठ्यात पाय टाकायचा नाही. आजी रागावेल, रागावू दे. पीस, हाड, दात, साळींदराचा काटा, रस्त्यात पडलेला दिसला तरी उचलायचा नाही. तो तिथं आणि इथं दोन्हीकडे कायद्यात अडकतो.

शेवटचं म्हणजे भेटवस्तू, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका पशुवैद्यकीय विभागाला भेट द्यायला गेलो होतो. प्राध्यापकांसाठी साताऱ्याच्या मोती चौकातून दोन किलो कंदी पेढे बांधून नेले. उतरताना भरायच्या कार्डावर विचारलेलं असतं की गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा जनावरांत गेला होता का. मी खरं ते लिहिलं. बॅग उघडली, बूट घासून परत दिले, आणि पेढ्याचा डबा बघून तिथल्या मुलीने फार नम्रपणे सांगितलं की लाळ्या-खुरकूत असलेल्या देशातून आलेला दुधाचा पदार्थ आत नेता येणार नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणावर बोलायला बोलावलेला मी, आणि माझेच पेढे कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. आधीच जाहीर केल्यामुळे दंड टळला एवढंच.

पुढच्या वेळी काय न्यावं याचा विचार करत बसलो तर माणदेशी घोंगडं म्हणजे लोकर, कोल्हापुरी चप्पल म्हणजे कातडं, महाबळेश्वरचा मध म्हणजे मधमाश्या. आपल्याकडची द्यावीशी वाटणारी एकूणएक वस्तू कुठल्या तरी जनावरापाशी जाऊन थांबते. ओंडरस्टेपोर्टला मी सोलापुरी चादर नेली. सुती होती, कुणी हुंगूनही बघितली नाही.